नकाशाबाहेरचा मासा

मत्स्यशास्त्रात मला सगळ्यात जास्त वाचायला आवडतात ते छोटे पेपर, तीन-चार पानांचे, ज्यांचं शीर्षकच असतं की अमक्या माशाची तमक्या समुद्रातून पहिली नोंद. एक फोटो, एक नकाशा ज्यावर एकच ठिपका, मापांचं एक टेबल, आणि शेवटी दोन परिच्छेद की हा मासा इथे कसा काय पोचला असेल. बास. करिअरच्या हिशोबात अशा लेखांना फार वजन नसतं, तरी नवा अंक आला की मी आधी तेच उघडते. कारण समुद्रात काय बदलतंय ते आपल्याला कळतं ते शेवटी अशाच ठिपक्यांमधून, कुणीतरी एकेक मासा हातात घेऊन नीट बघितला म्हणून.

पण हे पेपर वाचताना, आणि त्याहून जास्त सोशल मीडियावर कुणी "हा मासा इथे कधीच नव्हता!!" असं टाकतं तेव्हा, एक गोष्ट कायम खटकते. मासा नेहमीच्या हद्दीबाहेर सापडला की सगळे लगेच विचारतात आला कुठून, आणि उत्तरही तयारच असतं, क्लायमेट चेंज. त्याच्या आधीचा प्रश्न राहूनच जातो, की तो आधी इथे नव्हता हे कशावरून?

आता ही हद्द ठरते कशी ते बघा. फिशबेसवर, म्हणजे माशांच्या माहितीच्या ऑनलाइन डेटाबेसवर, एखाद्या माशाचं पान उघडलं की रंगीत नकाशा दिसतो आणि आपल्याला वाटतं की रंग आहे तिथे मासा आहे, रंग संपला की मासा संपला. पण त्यातले बरेच नकाशे अ‍ॅक्वामॅप्सचे असतात, म्हणजे मासा जिथे जिथे सापडलाय तिथलं तापमान, खोली, खारटपणा वगैरे घेऊन कॉम्प्युटरने काढलेला अंदाज, तिथे असण्याची शक्यता जास्त की कमी एवढंच तो रंग सांगतो. आणि ज्या नोंदींवर तो अंदाज उभा आहे त्या नोंदी पण सगळीकडून सारख्या आलेल्या नाहीत. जिथे संशोधन केंद्र आहे, जिथे ट्रॉलर जातात, जिथे डायव्हर्स हौसेने उतरतात तिथे नोंदींचा ढीग, आणि खडकाळ तळ जिथे ट्रॉलचं जाळं फाटतं, किंवा शंभर-दीडशे मीटर खोली जिथे साधा स्कूबा डायव्हर पोचत नाही, तिथे वर्षानुवर्षं कुणी बघितलेलंच नसतं. कपारीत राहणारे बोटभर गोबी आणि ब्लेनी तर कुणी विकत नाही, कुणी पकडत नाही, त्यामुळे त्यांच्या हद्दीची रेघ म्हणजे खरं तर त्यांना शोधणारी माणसं जिथवर गेली तिथली रेघ. म्हणून एखादा चार सेंटिमीटरचा गोबी शेकडो किलोमीटर लांब सापडला तर माझा पहिला अंदाज असतो की तो तिथेच होता, आपणच आत्ता गेलो. पण हात-दोन हात लांबीचा, भडक रंगाचा, जाळ्यात हमखास येणारा मासा अचानक दिसायला लागला तर गोष्ट वेगळी, कारण तो असता तर एवढे दिवस लपून राहिला नसता.

अर्थात मोठा मासा लपत नाही यालाही अपवाद आहे आणि तो अपवाद मला फार आवडतो. मोला, म्हणजे ओशन सनफिश, ते प्रचंड चपटं धूड ज्याला शेपूटच नाही. जपानमधल्या संशोधकांना २००९ च्या सुमारास डीएनए तपासताना लक्षात आलं की मोलाच्या नमुन्यांमध्ये एक तिसरीच जात दिसतेय, पण ती नेमकी कुठली, दिसते कशी, हे कुणालाच माहीत नव्हतं. मारियान न्यगार्ड या संशोधिकेने तिचा माग काढला, २०१४ मध्ये न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या माशांमध्ये तिला ती जात पूर्ण बघायला मिळाली आणि २०१७ मध्ये तिचं रीतसर नामकरण झालं, मोला टेक्टा. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाची आग्नेय बाजू, दक्षिण आफ्रिका, चिली, म्हणजे सगळा मुक्काम दक्षिण गोलार्धातल्या थंड पाण्यात.

आणि मग फेब्रुवारी २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ, कोल ऑइल पॉइंट नावाच्या राखीव किनाऱ्यावर, सुमारे दोन मीटरचा एक मोला वाहून आला. आधी सगळ्यांना वाटलं साधा मोला मोला असणार, तो तिकडे दिसतोच. फोटो आयनॅचरलिस्टवर, म्हणजे पाहिलेल्या जिवांचे फोटो कुणीही टाकू शकतं आणि ओळख विचारू शकतं अशा साइटवर, गेले, तिथे ऑस्ट्रेलियातल्या एका म्युझियमच्या माणसाला शंका आली, न्यगार्डला कळवलं गेलं. तिला फोटो बघून वाटलं की हा तोच असावा, पण गोलार्धच वेगळा, एवढी मोठी गोष्ट अर्धवट फोटोंवर बोलायची नाही म्हणून तिने आणखी फोटो मागितले, शेपटीच्या जागी जो झालरीसारखा भाग असतो त्याचे जवळून, आणि टिश्यूचा नमुना. तोवर मासा भरतीबरोबर हलला होता. लोक परत शोधायला गेले, किनाऱ्यावर थोडा पुढे तो पुन्हा लागलेला सापडला, मग तिने सांगितलं तसे सगळे फोटो घेतले आणि तुकडा कापून ठेवला. ओळख पक्की झाली. उत्तर गोलार्धातली त्याआधीची नोंद होती थेट १८८९ मधली, नेदरलँड्समध्ये वाहून आलेल्या माशाची.

ही गोष्ट मी सगळ्यांना सांगत असते कारण यात सगळं आहे. ज्यांना मासा दिसला त्यांनी ओळख ठरवून टाकली नाही, फोटो उघड ठेवले. ज्याला शंका आली त्याने ती बोलून दाखवली. आणि जगात हा मासा सगळ्यात चांगला ओळखणाऱ्या बाईने पुरावा पूर्ण होईपर्यंत थांबायची तयारी ठेवली. आणि एवढं होऊनसुद्धा त्या एका माशावरून मोला टेक्टा उत्तरेकडे सरकतोय असं म्हणता येत नाही, कारण जी जात स्वतंत्र आहे हेच २०१७ पर्यंत माहीत नव्हतं ती त्याआधी कॅलिफोर्नियात कितीदा येऊन मोला मोला म्हणून मोजली गेली असेल ते आता कसं सांगणार. जुन्या फोटोंमध्ये आणि म्युझियममधल्या नमुन्यांच्या जुन्या बाटल्यांमध्ये शोधणं एवढंच हातात आहे.

उलटा प्रकार पण होतो, मासा लांब सापडतो आणि तपासल्यावर तो मासाच दुसरा निघतो. सीलाकँथचं, म्हणजे नामशेष झाला असं मानला जाणाऱ्या त्या प्राचीन माशाचं, तेच झालं. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडला, मग कोमोरोस बेटांजवळ, आणि कित्येक वर्षं तो फक्त हिंदी महासागराच्या पश्चिम बाजूचा मासा मानला जायचा. १९९७ मध्ये इंडोनेशियात सुलावेसीच्या एका मासळी बाजारात एक जीवशास्त्रज्ञ आणि त्याची बायको फिरत असताना त्यांना तो दिसला, जवळजवळ दहा हजार किलोमीटर पूर्वेला. तेव्हा हातात राहिला फक्त फोटो. पुढच्या वर्षी, १९९८ मध्ये, प्रत्यक्ष मासा मिळाला आणि १९९९ मध्ये तो स्वतंत्र जात म्हणून जाहीर झाला. फोटोवरच थांबले असते तर आजही पुस्तकात "सीलाकँथची हद्द पूर्वेला दहा हजार किलोमीटर वाढली" असं छापलेलं असतं. आणि हो, तिथल्या मच्छीमारांना तो मासा नवा नव्हताच, त्यांच्याकडे त्याला नाव होतं. पहिली नोंद म्हणजे शास्त्राच्या कागदावरची पहिली, एवढं तरी प्रत्येक लेखकाने मनात ठेवावं असं मला वाटतं, आणि ज्याच्या जाळ्यात मासा आला त्याचे आभार शेवटच्या ओळीत उरकू नयेत.

बरं, समजा खात्री झाली की मासा खरंच नव्याने आलाय. तरी कसा आला याचे रस्ते बरेच असतात. सगळ्यात नाट्यमय उदाहरण २०१३ मधलं, जपानच्या २०११ च्या त्सुनामीत वाहून गेलेली एक छोटी होडी दोन वर्षांनी पॅसिफिक ओलांडून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात किनाऱ्याला लागली आणि तिच्या मागच्या कप्प्यात साचलेल्या पाण्यात पाच मासे जिवंत होते! बार्ड नाइफजॉ, जपानच्या बाजूचा पट्टेरी मासा. अख्खा महासागर त्यांनी त्या कप्प्यात काढला. जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांमधल्या, म्हणजे जहाज स्थिर राहावं म्हणून भरलेल्या, पाण्यातून मासे आणि त्यांची पिल्लं इकडची तिकडे जातात हे तर आता सगळ्यांना माहीत आहे, त्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ चा, लागू झाला २०१७ मध्ये. मेक्सिकोच्या आखातात २०१३ मध्ये रीगल डॅम्सेल नावाचा एक छोटा प्रवाळमासा सापडला जो मूळचा हिंदी आणि पश्चिम पॅसिफिक महासागराचा, तो तेलाच्या रिगबरोबर ओढला गेला असावा असा एक तर्क आहे आणि मला तो पटतो, कारण रिग म्हणजे त्या माशाच्या दृष्टीने कपारींनी भरलेला खडकच की.

प्रवाहाबरोबर येणाऱ्या पिल्लांचं प्रकरण वेगळं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गल्फ स्ट्रीमबरोबर दरवर्षी उन्हाळ्याअखेरीस उष्ण पाण्यातल्या बटरफ्लायफिशची वगैरे पिल्लं पार न्यूयॉर्क, ऱ्होड आयलंडपर्यंत पोचतात, बोटाच्या पेराएवढी, आणि थंडी पडली की मरतात. सिडनीजवळ ईस्ट ऑस्ट्रेलियन करंटमुळे हेच होतं. म्हणजे मासा तिथे खरंच सापडला, ओळख बरोबर, तारीख बरोबर, पण त्याची हद्द वाढली का? नाही. हद्द वाढली म्हणायला तो हिवाळा काढून जगलेला दिसायला हवा, वेगवेगळ्या आकाराचे मासे दिसायला हवेत, पोटात गाभोळी दिसायला हवी, आणि हे एका वर्षी नाही तर पुन्हा पुन्हा. सिडनीच्या बाजूला संशोधक नेमकं हेच बघत असतात, कुठल्या जातीची पिल्लं थंडी काढतायत, आणि मला हे काम पहिल्या नोंदीइतकंच महत्त्वाचं वाटतं, जरी त्याची बातमी होत नसली तरी.

आणि सुएझ. १८६९ मध्ये कालवा उघडला आणि तांबडा समुद्र भूमध्य समुद्राला जोडला गेला. सुरुवातीला कालव्याच्या वाटेवरच्या बिटर लेक्स या तळ्यांमधल्या मिठाच्या जाड थरामुळे तिथलं पाणी एवढं खारट होतं की बऱ्याच जिवांना ते पार करणंच अवघड होतं, हळूहळू ते मीठ विरघळलं, नंतर आस्वान धरणामुळे नाईलचं गोडं पाणी यायचं कमी झालं, कालवा रुंद-खोल होत गेला आणि आता शंभराहून जास्त जातींचे मासे त्या वाटेने भूमध्य समुद्रात शिरलेत. इथे पहिल्या नोंदींची परंपराच आहे म्हणून इथून शिकायला खूप मिळतं. कॉर्नेटफिश, नळीसारख्या तोंडाचा लांबलचक मासा, २००० साली इस्रायलजवळ पहिल्यांदा मिळाला आणि काही वर्षांतच पश्चिम भूमध्य समुद्रापर्यंत पोचला. लायनफिशचं बरोब्बर उलटं, १९९१ मध्ये इस्रायलच्या किनाऱ्यावर एक मिळाला आणि मग वीसेक वर्षं जवळजवळ शांतता, २०१२ मध्ये लेबनॉनला पुन्हा दिसला आणि त्यानंतर मात्र सायप्रस, तुर्कस्तान, ग्रीस असा झपाट्याने पसरला. १९९१ ची ती नोंद कुणी छापलीच नसती तर आपण म्हणालो असतो की लायनफिश २०१२ मध्ये आला आणि आल्या आल्या पसरला. खरी गोष्ट अशी की एकदा येऊन जम बसला नाही, नंतर बसला, आणि मधल्या काळात काय बदललं हा प्रश्न आपण विचारू शकतो तो त्या एका माशामुळे.

म्हणून मासा हातात आला असेल तर काय करायचं हे जरा सविस्तर लिहिते, कारण हे कुणी नीट सांगत नाही. (संरक्षित जात असेल तर अर्थातच मारायची नाही, पकडायची नाही, आणि नमुना घ्यायला परवानगी लागते तिथे ती आधी घ्यायची.) सगळ्यात आधी फोटो, मासा ताजा असतानाच, कारण मेल्यावर रंग भराभर उतरतात आणि फॉर्मलिनमध्ये तर जवळजवळ सगळेच जातात. फोटो डाव्या बाजूचा, डोकं डावीकडे, ही जगभरची पद्धत आहे, फिन्स, म्हणजे पर, पिनांनी पसरवायचे, शेजारी मोजपट्टी. मग फॉर्मलिनला हात लावायच्या आधी उजव्या बाजूने टिश्यूचा छोटा तुकडा काढून थेट तीव्र इथेनॉलमध्ये, फॉर्मलिन डीएनएची वाट लावतं आणि ते मागाहून सुधारता येत नाही. मग १० टक्के फॉर्मलिन, मासा मोठा असेल तर पोटात टोचायचं किंवा उजवीकडून चीर द्यायची नाहीतर आतून कुजतो, आणि नंतर धुऊन ७० टक्के अल्कोहोल. लेबल बाटलीच्या आत, पेन्सिलने लिहिलेलं, बाहेर चिकटवलेला कागद गळून पडतो आणि मग तो मासा कुठला हे कुणीच सांगू शकत नाही.

मोजणी तर आलीच. डॉर्सल (पाठीवरच्या) फिनमध्ये काटे किती आणि मऊ रे (लवचिक काड्या) किती, अ‍ॅनल (गुदामागच्या) फिनमध्ये किती, लॅटरल लाइनवर (अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेषेवर) खवले किती, कल्ल्याच्या पहिल्या कमानीवर गिल रेकर्स (दात्यांसारखे काटे) किती. लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत पण घ्यायची, कारण शेपटीचं टोक तुटलेलं असू शकतं. कंटाळवाणं काम आहे मान्य, पण दोन जवळच्या जातींमधला फरक कितीदा तरी एवढाच असतो, एक काटा जास्त किंवा दोन-तीन खवले कमी. आणि शेवटी नमुना म्युझियममध्ये, कॅटलॉग नंबर घेऊन. नंबर नाही तर ती नोंद म्हणजे फक्त आपला शब्द, आणि उद्या त्या एका जातीच्या तीन वेगळ्या जाती ठरल्या (मत्स्यशास्त्रात असं सारखं होतं) तर आपण पाहिलेला मासा त्या तिघांपैकी कुठला हे शोधायला मासाच शिल्लक नसतो.

डीएनए केलं की झालं असं आता बऱ्याच जणांना वाटतं. सीओआय नावाच्या, जाती ओळखायला वापरतात त्या जीनचा साधारण ६५० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा वाचायचा आणि डेटाबेसमध्ये टाकायचा, मॅच आला की नाव. पण तो मॅच ज्या सिक्वेन्सशी होतो त्यावरचं नाव कुणी दिलं? चुकीच्या नावाने टाकलेले सिक्वेन्स डेटाबेसमध्ये आहेत, आणि अलीकडेच वेगळ्या झालेल्या जातींमध्ये त्या तुकड्यात फरकच पडत नाही असंही असतं. त्यामुळे डीएनए हवंच, पण मोजणीच्या जोडीला. त्याआधी जुनं साहित्य चाळायचं, तेही सगळ्या जुन्या नावांनी, कारण एकाच माशाला शंभर वर्षांत चार नावं मिळालेली असतात आणि आपली "पहिली नोंद" कधीकधी दुसऱ्याच नावाखाली एखाद्या जुन्या यादीत बसलेली असते. एश्मायरचा कॅटलॉग ऑफ फिशेस ऑनलाइन आहे, फुकट आहे, तिथे नावांचा इतिहास मिळतो.

एवढा खटाटोप कशासाठी असं कुणाला वाटत असेल तर केंड माशाचं, म्हणजे पफरफिशचं, उदाहरण बघा. सिल्व्हर-चीक्ड टोडफिश म्हणतात त्याला, लॅगोसेफॅलस स्केलेरॅटस, हाही सुएझच्या वाटेने आलेला. २००३ मध्ये तुर्कस्तानच्या गोकोवा आखातात भूमध्य समुद्रातला पहिला मिळाला. याच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन असतं, शिजवूनही न जाणारं विष, आणि ज्यांनी हा मासा आयुष्यात कधी पाहिलेला नाही त्यांना ते कसं कळणार. २००५ ते २००८ मध्ये इस्रायलमध्ये १३ जण हा मासा खाऊन विषबाधेने हॉस्पिटलमध्ये गेले. तिथे "हा मासा इथे नवा आहे, खाऊ नका" हे सांगायला आधी कुणीतरी तो ओळखलेला असणं, छापलेला असणं गरजेचं होतं. अटलांटिक मॅकरेल २००७ पासून मोठ्या संख्येने आइसलँडच्या पाण्यात यायला लागला तेव्हा तर देशादेशांत कुणी किती मासा पकडायचा या कोट्यावरून वर्षानुवर्षं भांडणं झाली, की मासा आता कुणाचा. २०१३ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून एक आढावा आला त्यात समुद्री जिवांच्या हद्दीची पुढची कड दर दशकाला सरासरी ७२ किलोमीटर सरकतेय असं निघालं, आणि अशी सरासरी काढता येते ती मुळात कड कुठे होती हे कुणीतरी तारखेसकट लिहून ठेवलेलं असतं म्हणूनच.

आता माझी खरी तक्रार. पहिली नोंद सगळ्यांना हवी असते, दुसरी-तिसरी कुणालाच नको. जर्नल म्हणतं नवीन काय, आणि माणूस पण म्हणतो झालंय की आधीच. पण वर सांगितलं तसं, मासा चुकून आलाय की राहायला आलाय हे पहिल्या नोंदीतून कधीच कळत नाही, ते दुसऱ्या, पाचव्या, विसाव्या नोंदीतून कळतं. ऑस्ट्रेलियात रेडमॅप नावाचा प्रकल्प आहे, २००९ मध्ये टास्मानियात सुरू झाला आणि २०१२ मध्ये देशभर गेला, तिथे मच्छीमार, गळ टाकणारे, डायव्हर कुणीही आपल्याकडे नेहमी न दिसणारा मासा फोटोसकट नोंदवतो आणि तज्ज्ञ तो तपासतो, पहिला असो की पन्नासावा. असा प्रकल्प जिथे नाही तिथे आयनॅचरलिस्ट आहेच. तिथे टाकताना तारीख, जागा, खोली, जाळं की गळ की डायव्हिंग, लांबी आणि एकूण किती दिसले एवढं लिहा, फिन्स पसरलेला एक फोटो आणि तोंडाचा एक जवळून, आणि ओळखीची खात्री नसेल तर फक्त कुळापर्यंत नाव देऊन सोडा, पुढचं बघणारे लोक तिथे आहेत. हार्ड डिस्कवर पडलेले जुने डाइव्हचे फोटो पण टाका, मूळ तारखेने, जागा नीट आठवत असेल तरच.